लो, हाय आणि आमची गाडी

आमच्या घरात ‘लो’ आणि ‘हाय’ हे दोन शब्द सासऱ्यांच्या मालकीचे आहेत. ते दुसऱ्या कुठल्याही कामासाठी वापरले जात नाहीत. रोज सकाळी बायको तिच्या थोरल्या बहिणीला फोन लावते आणि ‘काय गं, लो की हाय?’ एवढंच विचारते. सासरे ताईकडे राहतात. तिकडून ‘आज जरा हाय’ असं उत्तर आलं की माझ्या चहात साखर पडायची राहून जाते. ‘नॉर्मल’ आलं तर न मागता दुसरा कप मिळतो. सासऱ्यांचं ब्लडप्रेशर आणि माझा संसार असे एकाच काट्यावर चालतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही त्या रविवारी गाडीच्या बॉनेटखाली डोकं घालून मी जे ओरडायचं ते ओरडलोच.

सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी सकाळी होतं. गेलं वर्षभर त्यांना माणसं सावल्यांसारखी आणि वर्तमानपत्राचे फक्त मथळे दिसत, त्यामुळे जगात काय चाललंय याबद्दलची त्यांची मतं फारच ठाम झाली होती. खालचा बारीक मजकूर रोज संध्याकाळी मी त्यांना फोनवर वाचून दाखवायचो. त्या वाचनात बातम्या कमी आणि माझ्या उच्चारांची झाडाझडती जास्त असे. “जावईबापू, ‘पानी’ नाही, ‘पाणी’. पुन्हा म्हणा,” असं ते बजावायचे आणि मी पुन्हा म्हणायचो. माझ्या मते मी दोन्ही वेळा तेच म्हणत होतो.

ऑपरेशन एकदा पुढे गेलं होतं. ऐन वेळी प्रेशर हाय निघालं आणि डॉक्टरांनी घरी पाठवलं. या खेपेलाही तसंच झालं तर पुढची तारीख केव्हा मिळेल ते सांगता येणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं. शिवाय परत नेताना डोळ्यात वारा नको, धूळ नको, गाडीच्या काचा घट्ट बंद हव्यात. उन्हाळा असा होता की काचा बंद करून बसायचं तर एसी हवाच.

आता इथे माझे साडू येतात. साडू हा माणूस वाईट नाही, असं मी स्वतःला अधूनमधून सांगत असतो. त्यांची गाडी लांबरुंद आहे. तिचं दार लावलं की ‘धप्प’ असा खात्यापित्या घरचा आवाज येतो. आमचं दार दोनदा लावावं लागतं आणि तरी आतला दिवा चालूच राहतो. आजवर सासऱ्यांची सगळी ने-आण साडूंनीच केली होती, म्हणून ताईकडे जेवायला जमलो असताना मी म्हणालो, “या वेळी बाबांना मी नेतो आणि मीच आणतो.”

“तुमच्या गाडीला एसी आहे?” साडूंनी विचारलं.

“आहे.”

“तो आहे हो. पण चालतो का? मागे एकदा बसलो होतो, तर इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली बसल्यासारखं वाटलं.”

सगळे हसले. त्याचं मला काही नाही. पण सासरेही हसले, ते लागलं.

“अगदी गार आणीन मी बाबांना!” मी ताडकन बोललो. बायकोने टेबलाखालून असा चिमटा काढला की मला वाक्य तपासून बघावं लागलं. ऑपरेशनला चाललेल्या माणसाबद्दल हे वाक्य बरं दिसत नव्हतं खरं.

एसी मुळीच चालत नव्हता. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडायचीही तसदी घेतली नाही. “गॅस गेला. सोमवारी दुपारी आणा,” असं म्हणून त्याने शनिवारीच शटर ओढलं. सोमवारी दुपारी गाडी आणून मी काय साडूंना मिरवून दाखवणार होतो? शेवटी स्पेअर पार्टच्या दुकानदाराने मार्ग दाखवला. हल्ली म्हणे लोक घरीच गॅस भरतात. गॅसचा डबा मिळतो, त्याला एक नळी, नळीला घड्याळासारखा एक काटा. काटा हिरव्या पट्ट्यात आला की झालं.

“फक्त लो साईडला लावा. जाड पाईपवर एक टोपण असतं, तिथे. हाय साईडला नाही,” तो म्हणाला.

“हाय साईडला लावलं तर?”

त्याने दोन्ही हातांच्या मुठी एकत्र आणल्या, बोटं उघडत हात हळूहळू वर नेले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

रविवारी सकाळी मी खाली उतरलो. उतरलो म्हणजे जिन्याने, कारण लिफ्ट बंद होती आणि तिच्यावर ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ ही पाटी आता कायमची झाली होती. आमच्या इमारतीचा तळमजला म्हणजे नुसते खांब आणि गाड्या. बायकोने वरून स्वयंपाकघरातले कापडी हातमोजे आणून दिले. गॅस फार गार असतो, हाताला लागेल, असं तिचं म्हणणं. मोजे गुलाबी होते, त्यांवर फुलं होती आणि मनगटाला झालर होती. मी बॉनेट उघडत होतो, आसपास पुरुषमाणसं होती. मी मोजे टपावर ठेवून दिले.

बॉनेट उघडल्यावर पहिल्यांदा आले अनुभवकाका. यांचं खरं नाव पाटीवर आहे, पण ते कुणी वाचत नाही. ‘माझा अनुभव आहे’ या शब्दांवाचून त्यांचं एकही वाक्य पुरं होत नाही. कशाचा अनुभव हे विचारायची सोय नाही, कारण मग ते सांगतात.

“डबा उलटा धरा,” ते म्हणाले.

“डब्यावर सरळ धरा असं छापलंय.”

“छापणारे छापतात. माझा अनुभव आहे.”

“तुम्ही कधी भरलाय गॅस?”

“भरला नाही. पण भरणाऱ्यांचे हाल बघितलेत.”

हा अनुभव मात्र नाकारण्यासारखा नव्हता.

तेवढ्यात इमारतीचे सेक्रेटरी आले. रविवारीही ते शर्ट खोचून असतात. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग माझ्याकडे, आणि तिन्ही वस्तू त्यांना सारख्याच नापसंत पडल्या.

“आवारात गाडीच्या दुरुस्तीला बंदी आहे.”

“ही दुरुस्ती नाही हो. देखभाल आहे.”

“बॉनेट उघडं असलं की ती दुरुस्ती. बंद असलं की देखभाल. गेल्या सभेत ठराव झालाय.”

“बॉनेट बंद ठेवून आत गॅस कसा भरायचा?”

“तो अडचणीचा भाग झाला. मी नियमाचा भाग सांगितला.” थोडं थांबून ते म्हणाले, “आणि गॅस म्हणजे ज्वालाग्राही पदार्थ आला.”

“हा पेटणारा नव्हे, गारव्याचा आहे.”

गारव्याच्या गॅसबद्दल नियम काय, हे त्यांनाही आठवेना. तो बघून येतो, तोवर काही करू नका, असं सांगून ते वर गेले. सेक्रेटरी वर गेले म्हणजे चार जिने गेले, हे ध्यानात घेऊन मी तोवर काम उरकायचं ठरवलं.

बायकोला मी ड्रायव्हरच्या जागी बसवलं. इंजिन चालू, एसी चालू, पंखा पूर्ण, आणि मी सांगेन तेव्हा हळूच ॲक्सिलरेटर दाबायचा. गाडी जागची हलणार नव्हती, तरी तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. नेमका तेव्हाच ताईचा फोन आला. हात मोकळे नव्हते म्हणून तिने तो स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला. हे मला माहीत नव्हतं. माझं डोकं इंजिनात होतं.

जाड पाईपवरचं टोपण काढलं, नळी लावली, ती खट् करून बसली. काटा थरथरला आणि तळाशीच राहिला.

“लो आहे!” मी ओरडलो. “एकदम लो!”

“नळी नीट बसलीय का बघा,” अनुभवकाकाही ओरडले, कारण इंजिनचा आवाज होता.

“बसलीय! आत जातंय, पण काटा वरच येत नाही!”

“हलवा जरा! जोरात हलवा!” हे डब्याबद्दल होतं. मी डबा हलवला. काटा मुंगीच्या पावलाने वर सरकू लागला आणि मला जरा धीर आला. आणि अचानक तो हिरवा पट्टा ओलांडून सरळ तांबड्या रंगात जाऊन उभा राहिला.

“हाय! हाय झालं! लाल, लाल!”

“काढा ती नळी!” अनुभवकाका खांबामागून म्हणाले. “फुटणार! माझा अनुभव आहे!”

दुकानदाराची ती उमलत जाणारी बोटं माझ्या डोळ्यांपुढे आली. मी नळी हिसकून काढली. फस्स् करून पांढरा फवारा आला आणि थेट माझ्या उजव्या पंजावर बसला. “आई गं!” म्हणून मी जो मागे कोसळलो तो कचऱ्याच्या डब्याला टेकूनच थांबलो. बायको किंचाळून बाहेर पडली. मांडीवरचा फोन सीटखाली गेला, कॉल तुटला आणि तो तिथेच पुन्हा पुन्हा वाजत राहिला. आम्हाला त्याचं भान नव्हतं.

तिने मला जिन्याच्या पायरीवर बसवलं. बोटं पांढरी पडली होती आणि आपली वाटत नव्हती. पंच्याने हात गुंडाळला, अनुभवकाका माझ्याच गाडीच्या माहितीपुस्तकाने वारा घालू लागले. मी डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं आणि दहाएक मिनिटं तसाच राहिलो. दुखण्यापेक्षा मला उद्याची सकाळ दिसत होती. साडू आपलं दार ‘धप्प’ करून लावताहेत आणि काही न बोलता नुसते हसताहेत.

आणि ‘धप्प’ असा आवाज खरोखरच आला.

डोळे उघडले तर साडूंची गाडी फाटकाच्या आत तिरकी उभी होती. मागच्या दारातून ताई रडत उतरत होती. साडू धावत आले, त्यांनी पंचा बाजूला करून माझा हात हातात घेतला आणि त्यांचा आवाज चिरकला.

“अगं, हात गार पडलाय यांचा! बर्फ झालाय नुसता!”

“मला काही झालेलं नाही,” मी म्हणालो. “गाडीचं लो होतं. मग एकदम हाय झालं.”

“बडबडायला लागले हो!” ताईने हंबरडा फोडला.

बायकोने सगळ्यांना गप्प करून काय घडलं ते सांगितलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. मी एकदम लो, नळ्या लावलेल्या, कुणीतरी मला जोरजोरात हलवतंय, मग हाय, मग ‘फुटणार’, मग ‘आई गं’ आणि नंतर फोन कुणी उचलत नाही. एवढं ऐकल्यावर कुणीही आलं असतं. साडू मटकन खाली बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी. या माणसाविषयी मी मनात जे काही साठवून ठेवलं होतं, त्यातलं बरंचसं त्या क्षणी ओसरलं.

पण तोवर पुढच्या दारातून सासरे उतरले होते. त्यांना घरी थांबा म्हणून सांगितलं होतं, ते ऐकले नव्हते. आवाजाच्या रोखाने चाचपडत आले, माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, “आहेत,” एवढंच म्हणाले आणि माझ्याच शेजारी पायरीवर बसले. त्यांना दरदरून घाम फुटला होता.

पहिल्या मजल्यावरच्या सिस्टरबाई, म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्सबाई, आरडाओरडा ऐकून प्रेशरचं यंत्र घेऊनच खाली आल्या. त्यांनी पट्टा बांधला, फुगा दाबला.

“हाय,” त्या म्हणाल्या. “चांगलंच हाय. हे असंच राहिलं तर उद्या डॉक्टर डोळ्याला हातसुद्धा लावायचे नाहीत.”

एसी खड्ड्यात जावो, माझी शान खड्ड्यात जावो. या माणसाने वर्षभर एका तारखेची वाट पाहिली आणि ती मी एका डब्यापायी घालवली.

“आधी यांना गार जागी शांत बसवा,” सिस्टरबाई म्हणाल्या. “जिना चढायचा नाही.”

लिफ्ट बंद. खाली नुसता झळा मारणारा उन्हाळा. साडू आपली गाडी आणायला वळले, तर सेक्रेटरींनी वरून येता येता त्यांना फाटकाशी गाठलं. पाहुण्यांची गाडी आवाराबाहेर, असा नियम. साडू काकुळतीला आले, पण फाटक अडल्यामुळे मागे तीन गाड्या भोंगे वाजवत होत्या. त्यांना मुकाट्याने गाडी बाहेर काढून जागा शोधत जावं लागलं. राहिली फक्त आमची गाडी. बॉनेट वासून उभी.

“तिचा उपयोग नाही,” मी म्हणालो. “काटा लालावर गेलाय.”

“तो एसी बंद केल्यावर गेला का?” बायकोने विचारलं.

“एसी कुणी बंद केला?”

“मीच केला. तोंडावर नुसत्या वाफा येत होत्या. किती वेळ सोसायच्या?”

मी डबा उचलून उजेडात धरला. मागच्या बाजूला, सासऱ्यांना काय, मलाही चष्म्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत छापलं होतं की एसी बंद असताना काटा लालावर जातोच, त्याकडे लक्ष देऊ नये. म्हणजे काही फुटणार नव्हतं. गॅस चांगला निम्म्यावर भरत आला होता. मला इतकं हलकं वाटलं की बायकोवर ओरडायचं राहूनच गेलं, आणि आता तर वेळ निघून गेली आहे.

मी गुलाबी मोजे चढवले. झालर नीट केली.

“बॉनेट उघडं आहे,” मागून सेक्रेटरी म्हणाले.

“पेशंटसाठी चाललंय,” सिस्टरबाई कडाडल्या.

सेक्रेटरींनी पायरीवरच्या सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, मग एकेक करून सुटल्या. “म्हणजे दुरुस्ती नव्हे,” ते सावकाश म्हणाले. “उपचार.”

“उपचार,” मी म्हणालो.

“उपचाराबद्दल ठरावात काही नाही.” आणि शर्टाच्या बाह्या सरसावून डबा हलवायला त्यांनीच हातात घेतला.

या वेळी बायकोने एसी चालू ठेवला. काटा तळाशी गेला, मग हळूहळू निघाला. कुणीही ‘लो’ म्हणालं नाही, कुणीही ‘हाय’ म्हणालं नाही. अनुभवकाकांनी तोंड उघडलं, पण ताईने नुसतं त्यांच्याकडे बघितलं. काटा हिरव्यात आला आणि थांबला.

“आलं!” आतून बायको ओरडली. “गार आलं! अहो, खरंच गार!”

नळी काढून बॉनेट बंद केलं. सासऱ्यांना पुढच्या सीटवर बसवलं, दार दोनदा लावलं. बायकोच्या जागी मी बसलो, कारण आता मला कुणी तिथून हलवून दाखवावं. बाकीचे बाहेर उभे राहिले. आत फक्त पंख्याची सळसळ होती. सासरे बराच वेळ डोळे मिटून होते.

“कोण, थोरले का?” त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं साडू गाडी लावून आले.

मी एसीची झडप त्यांच्याकडे वळवत होतो. नुसतं “हं” झालं.

“थोरले, तुम्हाला म्हणून सांगतो, धाकट्यांना बोलू नका. फोन आला तेव्हा वाटलं, आता डोळा दुरुस्त करून बघायचं काय? वर्षभर जग मला त्यांनी वाचून दाखवलं. वाचतात भिकार. ‘ण’ आणि ‘न’ एकाच भावाने विकतात. पण एक संध्याकाळ चुकवली नाही हो माणसाने.”

मी समोरच्या काचेकडे बघत राहिलो. काच मला नीट दिसत नव्हती.

“आणि नाक पुसा आता,” सासरे म्हणाले. “थोरले असं नाक ओढत नाहीत. माझे डोळे गेलेत जावईबापू, कान शाबूत आहेत.”

तेवढ्यात सिस्टरबाईंनी दार उघडून त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. बाहेर सगळे काचेला नाकं लावून उभे होते. साडूही येऊन पोचले होते, घामाने निथळत. फुगा दाबला गेला, सुटला. सिस्टरबाईंनी पट्टा सोडवला आणि घडी घालता घालता म्हणाल्या, “नॉर्मल.”

बायकोने मला चक्क मिठी मारली. सेक्रेटरींच्या देखत, गुलाबी मोज्यांसकट.

सोमवारी ऑपरेशन झालं. येताना काचा बंद, डोळ्यावर पट्टी, एसी चालू. साडू मागे बसले होते. अर्ध्या वाटेत त्यांनी हळूच विचारलं, “जरा कमी करता का? थंडी वाजतेय.” मी ऐकू न आल्यासारखं केलं. एवढं सुख मला माफ असावं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. ताईचा फोन आला की बाबा एका डोळ्याने घरभर बघत फिरताहेत, आता वर्तमानपत्र हातात घेऊन बसलेत आणि बारीक अक्षरंसुद्धा दिसतात म्हणताहेत. मला खूप आनंद झाला. संध्याकाळ झाली, वर्तमानपत्र टेबलावर पडून होतं, आणि मला काय करावं ते सुचेना. चहा प्यालो, उठलो, पुन्हा बसलो.

फोन वाजला.

“काय हो, आज उशीर?” सासरे म्हणाले.

“बाबा, आता तर तुम्हाला दिसतं.”

“दिसतं ना. पान उघडून समोरच ठेवलंय. आता तुम्ही कुठे चुकता ते नीट बघता येईल. वाचा.”

मी वर्तमानपत्र उचललं, घसा साफ केला आणि पहिल्याच ओळीत ‘पाणीटंचाई’ आली.